मागे ठेवून मूल पुढे जाते का?

महाराष्ट्रात २०२३–२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीतले मूल पुन्हा नापास होऊ शकते. वर्षाअखेर लेखी परीक्षा होते. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०, आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. तिथे मूल अडले तर शाळेने त्याला जादा शिकवायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. त्यातही अडले तर पुढचे वर्ष त्याच वर्गात. पहिली ते चौथी आणि सहावी-सातवीत मात्र मूल पूर्वीसारखेच वर चढते.

त्याआधीची तेरा वर्षे ही तरतूद नव्हती. १ एप्रिल २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येत नव्हते की शाळेतून काढता येत नव्हते. २०१९ मध्ये संसदेने कलम बदलले आणि मागे ठेवायचे की नाही हे राज्यांवर सोपवले. काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये अशा आपल्या अखत्यारीतल्या शाळांनाही तोच नियम लावला. तोवर सोळा राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेशांनी ‘ढकलपास’ला रामराम केला होता. तमिळनाडूने मात्र आपण या वाटेने जाणार नाही असे लगेच सांगून टाकले.

शिक्षकांच्या खोलीत या विषयावर दोन गट पडतात आणि दोन्हींकडे सांगण्यासारखे खूप असते. एक गट म्हणतो, परीक्षेचा धाक गेला आणि अभ्यास गेला. सहावीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, तरी त्याच्या हातात अपूर्णांकांचा धडा द्यावा लागतो. दुसरा गट म्हणतो, शिकवायचे आपण आणि वर्ष जायचे पोराचे, हा कुठला न्याय? माझे मत दोघांच्या मधले नाही. मागे ठेवल्याने काय होते याचा अभ्यास जगभर पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. तो नीट वाचला की दिसते, आपण मूल अडवायला ज्या दोन इयत्ता निवडल्या त्यांतली एक उशिराची आहे आणि दुसरी धोक्याची.

या प्रश्नाची कुळकथा जुनी आहे. सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने १९२९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शिक्षणाचा हिशेब मांडला. १९२२–२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५–२६ मध्ये चौथीत पोचली होती फक्त अठरा. बाकीची कुठे गेली? काही शाळा सोडून गेली, काही त्याच वर्गात वर्षानुवर्षे बसून होती. पहिल्या प्रकाराला गळती आणि दुसऱ्याला स्थगन म्हणतात. बी.एड.च्या पुस्तकांत ही जोडी अजून भेटते, आणि परीक्षेत दोन्हींची कारणे वेगवेगळी लिहायला लावतात. प्रत्यक्षात एकातून दुसरी निघे. दोनदा पहिलीत बसलेल्या मुलाला तिसऱ्यांदा कोणी पाठवत नसे.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) यावर जरा वेगळा विचार केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे, आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळांची त्यांना बारकाईने माहिती होती. पहिली आणि दुसरी मिळून एकच गट मानावा, मध्ये भिंत घालू नये, मुलाला आपल्या गतीने वाचायला शिकू द्यावे, अशी आयोगाची सूचना होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक टप्प्यावर नापास न करण्याचा पुरस्कार केला. म्हणजे २०१० ला लागू झालेला कायदा कोणाच्या डोक्यातून अचानक निघालेला नव्हता. त्याने खालच्या इयत्तांपुरती चाललेली चर्चा आठवीपर्यंत ताणली आणि तिला कायद्याचे बळ दिले.

बिनसले ते अंमलबजावणीत. नापास करायचे नाही या कलमासोबत कायद्यात दुसरे कलम होते: सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. मूल कुठे अडते हे वर्षभर पाहत राहायचे आणि तिथल्या तिथे मदत करायची. महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये त्याचा शासन निर्णय काढला. आकारिक आणि संकलित अशा दोन बाजू आल्या, अ-१ पासून ई-२ पर्यंत श्रेण्या आल्या, नोंदवह्या आल्या. नोंदी झाल्या. कितीतरी शाळांत त्या नोंदींनी गुरुजींची संध्याकाळ खाल्ली आणि मुलाच्या वाट्याला काही आले नाही. ‘आवडीने वाचतो’, ‘प्रयत्नशील आहे’ असली वाक्ये पुस्तिकेतून उतरवली जात. ती वाचून कोणत्या पालकाला कळणार की आपल्या मुलाला जोडाक्षरे येत नाहीत? दुखणे ओळखायचे यंत्र चालले नाही, आणि वर ढकलायचे कलम तेवढे अचूक चालले. पालकांचा राग त्यावरच निघाला.

नववीत तुंबारा झाला. आठ वर्षे कुठे न अडलेले मूल नववीत पहिल्यांदा खऱ्या परीक्षेला सामोरे जाई, आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी जपणाऱ्या शाळा तिथेच गाळणी लावत. फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून दहावीला बसण्याची वाट अशाच मुलांना दाखवली जाते. राज्याराज्यांतून तक्रारी येऊ लागल्यावर केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने हरयाणाच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. परीक्षा टप्प्याटप्प्याने परत आणाव्यात, असा तिचा सूर होता. २०१९ ची दुरुस्ती त्याच वाटेने आली.

पण नापास करणे थांबले म्हणून शिकणे घसरले, हे आकड्यांतून निघते का? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०१० मध्ये तो ५३.७ टक्के मुलांना वाचता आला, २०१२ मध्ये ४६.८ टक्क्यांना. धाकवाल्यांचा हा आवडता आकडा आहे. मात्र २०१० चाच आकडा सांगतो की नवा कायदा रुळायच्या आधीही जवळपास निम्म्या मुलांना तो उतारा वाचता येत नव्हता. पुढे नियम तोच राहून आकडा २०१८ मध्ये ५० च्या आसपास चढला. करोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये ४२.८ वर पडला आणि २०२४ मध्ये पुन्हा ४८.८ झाला. त्या काळात शाळा बंद झाल्या, उघडल्या, पायाभूत वाचनाच्या मोहिमा आल्या. आकडा त्यांच्यामागे हललेला दिसतो. त्याचे श्रेय किंवा दोष एकट्या कलम १६ ला देता येत नाही.

मग संशोधन काय म्हणते? इथे जरा थांबावे लागेल, कारण या विषयातले बरेच निष्कर्ष कशाशी तुलना केली त्यावर उलटेसुलटे होतात. मागे ठेवलेले आणि वर घातलेले मूल यांची सरळ तुलना केली तर मागे ठेवलेले कच्चेच निघणार. कच्चे होते म्हणून तर ठेवले. जुने अभ्यास यातच फसत. सावध संशोधक गुण, वय, घरची परिस्थिती जुळवून जोड्या लावत. सी. थॉमस होम्स यांनी १९८९ मध्ये या विषयावरच्या ६३ अभ्यासांचा गोषवारा काढला, तर ५४ मध्ये मागे ठेवण्याचा परिणाम वाईट होता. तरीही शंका उरते. सारख्या गुणांच्या दोन मुलांपैकी बाईंनी एकालाच का ठेवले? बाईंना असे काही दिसले असेल, जे आकड्यात येत नाही.

दुसरा पेच वयाचा. तिसरीत दुसऱ्यांदा बसलेल्या मुलाची तुलना कोणाशी करायची? त्याच्या नव्या वर्गाशी केली तर ते पुढे दिसते, पण ते त्या मुलांहून एक वर्षाने मोठे आहे आणि तोच अभ्यास दुसऱ्यांदा करते आहे. जुन्या सोबत्यांशी केली तर मागे दिसते, पण ती मुले चौथी शिकलेली आहेत. दोन्ही मोजमापे खरी, आणि हवे ते सिद्ध करायला दोन्ही सोयीची. आपल्याकडे वयाचा आणखी एक पदर आहे. पहिलीत प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण लागतात, त्यामुळे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचे आणि साडेसहाचे मूल बसते. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेले मूल ‘कच्चे’ ठरते तेव्हा त्यातला काही भाग निव्वळ लहान असण्याचा असतो.

अमेरिकेतल्या काही शहरांनी आणि राज्यांनी ठरावीक गुणांखाली सर्वांना मागे ठेवायचा नियम केला, तेव्हा संशोधकांना चांगली संधी मिळाली. पास व्हायला ३५ लागत असतील तर ३४ वाले आणि ३५ वाले मूल जवळजवळ सारखेच असते; एक थांबते, दुसरे पुढे जाते. या काठावरच्या मुलांचा पुढे पाठपुरावा केला की मागे ठेवण्याचा परिणाम बराच स्वच्छ दिसतो. शिकागोत १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीला असा नियम होता. नापास मुलांना आधी उन्हाळी वर्ग, मग फेरपरीक्षा, मग मागे; आपल्या २०१९ च्या दुरुस्तीसारखाच साचा. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांना तिसरीच्या मुलांत उन्हाळी वर्ग आणि मागे ठेवणे मिळून काही फायदा दिसला, सहावीत फारसा नाही. मेलिसा रॉडरिक आणि जेनी नागाओका यांना दोन वर्षांनी पाहता तिसरीत फायदा उरलेला दिसला नाही आणि सहावीत नुकसान दिसले. आठवीत मागे ठेवलेल्या मुलांत शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. लुइझियाना राज्यातले चित्र त्याहून काळजीचे आहे: आठवीत थांबवलेल्या मुलांत पुढे गुन्ह्यासाठी शिक्षा होण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले. उरुग्वेत माध्यमिकच्या खालच्या वर्गांचा अभ्यास झाला, तिथेही नापास झालेली मुले शाळेपासून तुटली.

मागे ठेवण्याच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण फ्लोरिडाचे. तिथे २००२ च्या कायद्याने वाचन कच्चे असलेले तिसरीचे मूल थांबवायचे ठरले. आधी जेमतेम तीन टक्के मुले तिसरीत राहत, पहिल्या वर्षी ती १३ टक्क्यांच्या आसपास गेली. ही मुले पुढची काही वर्षे वाचनात स्पष्टपणे पुढे राहिली. नंतर तो फायदा विरत गेला; माध्यमिक शाळा पूर्ण करण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, तरी माध्यमिकमधले गुण थोडे बरे राहिले. हे सांगताना एक तपशील हमखास गळतो. थांबवलेल्या मुलाला फ्लोरिडात नुसते तेच वर्ष पुन्हा मिळत नव्हते. त्याला उन्हाळी वाचनवर्ग, रोज दीड तास फक्त वाचन आणि चांगली कामगिरी असलेला शिक्षक द्यावा असे कायद्यात लिहिले होते. मिसिसिपीने २०१३ मध्ये असाच कायदा केला. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत त्या गरीब राज्याची सरासरी २०१३ मध्ये २०९ होती, २०१९ मध्ये २१९ झाली. पण तिथेही अडवण्याच्या आधी शिक्षकांना अक्षर-ध्वनी शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले होते आणि कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शक बसले होते. मूल थांबवल्याने किती आणि या मदतीने किती, हे वेगळे करणे अवघड आहे. माझा कल मदतीकडे आहे. मिशिगनने तर असाच नियम करून २०२३ मध्ये तिसरीत थांबवण्याचा भाग काढून टाकला.

मीके गोस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ८४ अभ्यास एकत्र केले. सरासरी परिणाम निघाला शून्याच्या आसपास: मागे ठेवणे सरसकट घातक नाही आणि सरसकट उपयोगीही नाही. शून्य हा आकडा गुळमुळीत वाटतो. मात्र या शून्यासाठी मुलाच्या आयुष्यातले एक अख्खे वर्ष खर्च होते, हे लक्षात घेतले की तो महाग वाटू लागतो. जपानमध्ये प्राथमिक शाळेत मूल मागे ठेवण्याचा प्रकार जवळपास नाहीच. फ्रान्समध्ये तो रिवाज होता. २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या फ्रेंच मुलांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांनी कोणता ना कोणता वर्ग दोनदा केला होता. २०१४ मध्ये सरकारने तो अपवाद म्हणून ठेवला, २०१८ मध्ये पुन्हा जरा सैल केला. मत तिथेही डोलते आहे.

आता हे सारे घेऊन आपल्या पाचवीकडे यावे. पाचवीत नापास होणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा पाचवीचे काही अडलेले नसते. त्याचे अडलेले असते दुसरीचे: सलग वाचन, हातचा, पाढे. मधल्या तीन वर्षांत नियमानेच ते कुठे थांबले नाही, आणि पाचवीत थांबवल्यावर त्याच्या हातात पुन्हा पाचवीचेच पुस्तक पडते. जे पुस्तक पहिल्या वर्षी वाचता आले नाही, ते दुसऱ्या वर्षी कसे वाचता येईल? जादा काही शिकवायचे असेल तर ते दुसरीचे हवे, आणि ते शिकवायला मूल पाचवीत असले काय किंवा सहावीत असले काय, फरक पडत नाही.

त्यात महाराष्ट्राची आणखी एक गाठ आहे. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा अजून चौथीपर्यंतच आहेत. पाचवीसाठी मूल दुसऱ्या गावच्या किंवा संस्थेच्या शाळेत जाते. म्हणजे ज्या शाळेत पाया कच्चा राहिला तिच्या पटावर नापासाची नोंद होत नाही, आणि जिच्या पटावर होते तिला मूल येऊन दहाच महिने झालेले असतात. हायस्कूलचे मास्तर झेडपीला बोल लावतात, झेडपीचे गुरुजी बालवाडीला. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत तर प्रकार गमतीचा होतो. तिथे दोन-तीन वर्ग एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर. अशा शाळेला पाचवी जोडलेली असेल तर थांबवलेल्या मुलाच्या दिवसात काय बदलते? पुढच्या ओळीतून मागच्या ओळीत, एवढेच.

फेरपरीक्षेआधीचे जादा शिकवणे, ज्यावर सगळी मदार आहे, ते नेमके कधी होते तेही पाहावे. आपला निकाल १ मेच्या सुमाराला लागतो. त्यानंतर उन्हाळी सुट्टी, लग्नसराई, मामाचे गाव. शिक्षकांचीही सुट्टी, आणि वर्ष तसले असेल तर निवडणुकीचे काम. फेरपरीक्षा जूनमध्ये. विदर्भात तर शाळाच जूनच्या अखेरीला उघडतात. दोन महिन्यांची मुदत कागदावर बरी दिसते, पण त्या दोन महिन्यांत बंद शाळेत मुलाला कोण शिकवणार याची सोय त्यात नाही. शिकागोने उन्हाळी वर्गांसाठी निदान पैसे मोजले होते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांची गोष्ट वेगळी काढावी लागेल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. हंगामी वसतिगृहे आहेत, पण सगळी मुले तिथे राहत नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी पोर लागते. अशा मुलाने परतल्या परतल्या वार्षिक परीक्षा दिली आणि ते नापास झाले, तर त्या गुणांवरून त्याची कुवत कळते की कारखान्याचे वेळापत्रक? पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात बसवले तरी ते पुन्हा दिवाळीला जाणारच आहे.

आठवीबद्दल मला फारसा संशय उरलेला नाही. या वयात थांबवले की मूल शाळेपासून तुटते, असे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी दिसले आहे. आपल्याकडे त्याच वयाला, चौदाव्या वर्षी, मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची कायद्यातली हद्द येते. उशिरा दाखल झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यापुढेही हक्क आहे, पण हे किती पालकांना ठाऊक आहे? मुलगा असेल तर गॅरेज किंवा शेत वाट पाहत असते. मुलगी असेल तर ‘एवीतेवी वर्ष गेलेच आहे’ हे वाक्य स्थळ पाहायला पुरते. हायस्कूल दूरच्या गावी असेल तर त्याहून लवकर.

मग कच्च्या मुलाचे करायचे काय? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९९४ मध्ये मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ सुरू केली, महापालिकेच्या शाळा आणि युनिसेफच्या साथीने. तिथून ‘बालसखी’ आली. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधनावर, तिसरी-चौथीतली पंधरा-वीस मागे पडलेली मुले रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि त्यांना येत नव्हते तिथून शिकवे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात याची शिस्तशीर चाचणी घेतली. सर्वांत कच्च्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला, आणि एकाही मुलाचे वर्ष गेले नाही. मदत थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पुढे हरयाणात शाळेच्या वेळातला रोजचा तास इयत्ता विसरून, पातळीप्रमाणे गट करून दिला, तेव्हा ते काम सरकारी शिक्षकांकडूनही जमले. शिक्षकांना नुसते प्रशिक्षण देऊन सोडले तेव्हा जमले नव्हते. वेळापत्रकात तास राखला आणि केंद्रप्रमुखासारखा माणूस तो घेतला जातो का हे पाहायला गेला तेव्हा जमले.

यात धाकवाल्यांच्या बाजूचा एक मुद्दा मी मान्य करतो. परीक्षा हवी. मुलाला काय येत नाही हे पालकाला स्वच्छ आकड्यात कळलेच पाहिजे. मात्र ती परीक्षा दुसरीच्या शेवटी हवी, वाचून दाखव आणि वजाबाकी कर एवढ्याच स्वरूपाची, आणि तिचा निकाल मुलाला थांबवण्यासाठी न वापरता तिसरीत रोजचा एक तास कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी वापरावा. पाचवीत थांबवणे पालक आणि शिक्षक दोघांनी मिळून मागितले तर क्वचित चालेल: लांबचे आजारपण, शाळा बदलताना गेलेले वर्ष. आठवीत मात्र थांबवणे बंदच करावे. कायदा राज्याला मुभा देतो, सक्ती करत नाही. नियमातून आठवी वगळायला राज्याला संसदेकडे जायची गरज नाही.

आणि हिशेब जाहीर व्हावा. यू-डायस प्लसवर प्रत्येक मुलाला कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे तो मांडणे अवघड नाही. २०२३–२४ च्या परीक्षेत थांबलेली पाचवीची मुले २०२५–२६ मध्ये सहावीच्या हजेरीपटावर असायला हवीत, आठवीची नववीच्या. त्यांतली किती आहेत, किती नाहीत, आणि नाहीत त्यांत मुली किती, हे तालुकावार छापून यावे.